तांदूळ निवडावेत तशी जुनी गाडी निवडावी

दुकानातून आणलेले तांदूळ सुपात घ्यायचे, खडे वेचायचे आणि मगच धुवायला टाकायचे, ही रीत पॅकबंद पिशव्यांनी बरीचशी मोडली. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला, त्यात हे खडे आहेत: तांदळाच्याच रंगाचे, त्याच आकाराचे, मुद्दाम मिसळलेले, आणि ते वेचत बसलेली भारतीय गृहिणी. १९६७-६८ मध्ये अकरलॉफ दिल्लीत भारतीय सांख्यिकी संस्थेत होते. तीन नियतकालिकांनी हा निबंध साभार परत केला होता. पुढे २००१ साली याच विषयावरच्या, म्हणजे विकणाऱ्याला जे माहीत असते ते घेणाऱ्याला नसते तेव्हा बाजाराचे काय होते यावरच्या, कामासाठी मायकल स्पेन्स आणि जोसेफ स्टिगलिट्झ यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळाले.

त्यांचा मुद्दा आकड्यांत मांडू. बाजारात एकाच मॉडेलच्या, एकाच सालच्या दहा गाड्या आहेत. पाच चांगल्या, खरी किंमत ४ लाख. मालक साडेतीनच्या खाली द्यायला तयार नाहीत. पाच खराब, खरी किंमत २ लाख. त्यांचे मालक दीड लाखातही खूश. बाहेरून दहाही चकचकीत. कोणती कोणती हे कळत नसेल तर शहाणा ग्राहक मधला भाव देईल, म्हणजे ३ लाख. तीन लाख ऐकून चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, त्यापेक्षा मीच वापरतो, नाहीतर मेहुण्याला देतो. तो उठून गेला की मागे उरतात पाच खराब गाड्या. हे ग्राहकांच्या लक्षात आले की भाव २ लाखांवर येतो. फसवणूक पाच जणांनी केली, पण नुकसान चांगली गाडी विकू पाहणाऱ्याचे आणि चांगली गाडी घेऊ पाहणाऱ्याचेही झाले.

खऱ्या बाजारात गोष्ट इतकी टोकाला जात नाही, कारण कागद असतात, मेकॅनिक असतात, ओळखी असतात. पण उतार त्याच दिशेला आहे. त्यावरून पहिली व्यवहारी गोष्ट निघते: चांगल्या गाड्या जाहिरातीपर्यंत पोचायच्या आतच ऑफिसात, सोसायटीत, नात्यात विकल्या जातात. म्हणून ॲप उघडण्याआधी महिनाभर तरी ओळखीत सांगून ठेवा. ओळखीतला माणूस देव नसतो, पण गाडी बिघडली तर तो पुन्हा लिफ्टमध्ये भेटणार असतो, आणि हे त्यालाही माहीत असते.

कोणती खूण किती खरी

"सिंगल हँड", "डॉक्टरांनी वापरलेली", "लेडी ड्रिव्हन", "एक रुपयाचे काम नाही". हे लिहायला काही खर्च येत नाही. चांगल्या गाडीचा मालक जे फुकट लिहू शकतो तेच खराब गाडीचा मालकही लिहितो, म्हणून या शब्दांची किंमत शून्य. पॉलिश, नवे सीट कव्हर, धुतलेले इंजिन, डॅशबोर्डवरचा चमकदार स्प्रे यांनाही फार लागत नाही. मीटर मागे फिरवणे हे त्यापुढचे, पण तेही स्वस्तच काम. याउलट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या संगणकातली नोंद, विमा पॉलिसीवरचा बोनस, आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) मालकांचा अनुक्रम, कारखान्यातले स्पॉट वेल्डिंग यांत खोटेपणा करायला पैसे तरी फार लागतात किंवा तो जमतच नाही. पुढची सगळी तपासणी या एका कसोटीवर लावली आहे: ही खूण खोटी करायला समोरच्याला किती खर्च आला असता?

गाडी पाहण्याआधी, घरबसल्या

फोनवर तीन गोष्टी मागा: आरसीचे दोन्ही बाजूंचे फोटो, चालू विमा पॉलिसीचे पहिले पान आणि जमल्यास मागच्या दोन वर्षांच्या पॉलिसी. "आधी गाडी बघून घ्या, कागद क्लिअर आहेत" असे उत्तर आले तर पेट्रोल वाचवा.

सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, इंधन, वाहनाचा वर्ग, विमा, पीयूसी आणि फिटनेसची मुदत दिसते. आरसीवर पाहायच्या गोष्टी अशा: उत्पादनाचा महिना आणि साल (नोंदणीच्या सालाशी एका वर्षाचा फरक असेल तर भाव उत्पादनाच्या सालावर ठरवा), मालकाचा अनुक्रम, आणि एचपी म्हणजे कर्जाचा बोजा. पुष्कळ मालक कर्ज फेडतात पण आरसीवरून बोजा उतरवायचे राहून जाते. तोपर्यंत गाडी तुमच्या नावावर होणार नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ मालकाने आधी आरटीओत देऊन बोजा उतरवावा, मग सौदा. बँकेच्या एनओसीला मुदत असते, त्यामुळे तीन वर्षांपूर्वीचा कागद दाखवला तर नवा आणायला सांगा. ई-चलनाची थकबाकी पोर्टलवर दिसते. मुंबई-पुण्याच्या गाड्यांवर ती कधी कधी हजारांत निघते. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरपाटी, बसली आहे का हेही विचारा, नाहीतर हस्तांतराचे काम अडते.

आता विमा. या कागदाकडे बहुतेक लोक फक्त मुदत बघायला पाहतात, पण खरी माहिती नो क्लेम बोनसच्या रकान्यात असते. क्लेम न घेता एक वर्ष गेले की २० टक्के, दोन वर्षांनी २५, मग ३५, ४५ आणि शेवटी ५०. चार वर्षे पूर्ण झालेल्या एकहाती गाडीच्या चालू पॉलिसीवर ४५ टक्के असायला हवेत. तिथे ० दिसले तर बहुधा मागच्या वर्षी क्लेम झाला आहे. २० दिसले तर त्याच्या आदल्या वर्षी. मग प्रश्न सरळ विचारा: "क्लेम कशाचा होता, बिल आहे का?" बंपर आणि दिवा असेल तर काही बिघडत नाही. उत्तर गोलगोल आले तर मात्र गाडी वर्कशॉपच्या रॅम्पवर चढवल्याशिवाय पुढे जाऊ नका. दोन अपवाद ध्यानात ठेवा. बोनस हा गाडीचा नसून मालकाचा असतो, त्यामुळे जुन्या गाडीचा बोनस नव्या गाडीवर आणलेला असू शकतो. आणि बोनस सुरक्षित ठेवणारे जादा कव्हर घेतले असेल तर क्लेम होऊनही टक्केवारी तशीच राहते. म्हणजे कमी बोनस ही विचारणा करायची खूण, पण जास्त बोनस हा पक्का पुरावा नव्हे.

सर्व्हिसचा इतिहास त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला मिळतो. मालकाला सोबत घ्या किंवा त्यालाच प्रिंट काढून आणायला सांगा. प्रत्येक भेटीची तारीख आणि त्या दिवशीचे किलोमीटर त्यात असतात. ४८,००० नंतर पुढच्या नोंदीत ३१,००० दिसले की काम संपले. नोंदी तिसऱ्या वर्षीच थांबल्या असतील तर गाडी बाहेरच्या गॅरेजात जात होती. यात वावगे काही नाही, फक्त तिथली बिले मागा.

मीटर खरे की खोटे

खाजगी गाडी आपल्याकडे वर्षाला साधारण १० ते १२ हजार किलोमीटर चालते. सात वर्षांच्या डिझेल गाडीवर ३८,००० दिसत असतील तर आधी हा प्रश्न पडला पाहिजे: इतके कमी चालवायचे होते तर डिझेल घेतली कशाला?

टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. गाडी २०१९ची, मीटर २८,०००, आणि चारही टायर २०२३चे? कंपनीचे पहिले टायर सहसा ४० हजारांच्या आसपास जातात. मग २८ हजारांच्या आत ते का बदलले? आता उलट बाजू. गाडी सात वर्षांची आणि टायर पहिलेच असतील तर मीटर खरे असण्याची शक्यता वाढते, पण टायर वयाने कडक झाले असतील, त्यांचा खर्च धरा.

क्लच आणि ब्रेकच्या पेडलचे रबर, गिअर नॉबवरचे आकडे, स्टिअरिंगची दहा आणि दोन वाजताची जागा, चालकाच्या सीटची दाराकडची कड हे सगळे हाताने चाचपून बघा. ३० हजारांत पेडलचे रबर गुळगुळीत होत नाही. आणि १५ वर्षांच्या गाडीला कोरे करकरीत पेडल रबर असेल तर तोही एक जबाबच आहे.

एक साधी गोष्ट फारसे कोणी मागत नाही: फास्टॅगचे स्टेटमेंट. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा आहे. "फक्त गावात चालवली" म्हणणाऱ्याचा टॅग दर शनिवारी एक्स्प्रेसवेच्या टोलवर वाजलेला दिसतो तेव्हा बोलणे आपोआप बदलते. मालकाला स्वतःच्या फोनवर ते दाखवायला दोन मिनिटे लागतात.

ठोकलेली गाडी

शहरात चालवलेल्या गाडीला कुठेच रंगकाम नाही असे क्वचितच घडते. एका फेंडरचा रंग बदलला म्हणून चांगली गाडी सोडू नका. पाहायचे असते ते हाडांना मार लागला आहे का: पिलर (छप्पर पेलणारे खांब), एप्रन (बॉनेटखालचा चाकावरचा आतला पत्रा), चेसिसचे (गाडीच्या सांगाड्याचे) पुढचे हात, मागच्या डिकीचा तळ.

बॉनेट उघडा. फेंडर आणि बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टवर कारखान्याचा रंग असतो; पान्याने फिरवलेल्या बोल्टच्या कडांवरून तो उडतो. रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर आणि एप्रनवर ठरावीक अंतरावर गोल स्पॉट वेल्डिंग दिसते. त्या जागी लांबलचक, उंचसखल वेल्डिंग किंवा ग्राइंडरचे ओरखडे दिसले तर गाडी समोरून जोरात आदळली आहे. दारांची रबरी बीडिंग हाताने ओढा, खाली पिलरच्या कडेला तेच गोल ठिपके सलग असले पाहिजेत. ती बीडिंग कुणी ओढून पाहणार नाही असे गृहीत धरूनच डेंटर तिथले फिनिशिंग सोडतो. मग डिकीतला गालिचा उचला आणि स्टेपनीची जागा बघा. मागून बसलेला मार तिथेच सुरकुतीच्या रूपाने राहतो.

काचांच्या कोपऱ्यात कंपनीचे चिन्ह आणि सालाची खूण असते. सगळ्या काचा एका सालच्या आणि एक वेगळी असेल तर त्या बाजूचे दार आणि पिलर पुन्हा तपासा. नुसती पुढची काच बदललेली असणे मात्र नेहमीचे, घाटात दगड उडतोच.

रंगाची जाडी मोजायचे यंत्र दोन-तीन हजारांत मिळते, किंवा तपासणी करणाऱ्याकडे असते. कारखान्याचा रंग ढोबळमानाने ८० ते १५० मायक्रॉन भरतो. २००-३०० म्हणजे वरून दुसरा रंग, ५००च्या पुढे म्हणजे खाली पुट्टी. प्लॅस्टिकच्या बंपरवर साधे यंत्र चालत नाही. यंत्र नसेल तर पातळ कापडात गुंडाळलेला छोटा लोहचुंबक फिरवा. पुट्टीवर तो सैल पडतो. छपरावर पुट्टी सापडली तर गाडी उलटली होती का हे विचारायचे.

पुरात बुडालेली गाडी

ही सगळ्यात फसवी, कारण ती दाखवायच्या दिवशी उत्तम चालते. पाणी शिरलेल्या गाडीची वायरिंग, एअरबॅगचे कनेक्टर, दारातल्या मोटारी काही महिन्यांनी एकेक करून जातात. २६ जुलै २००५ला मुंबईत, ऑगस्ट २०१९मध्ये सांगली-कोल्हापुरात, जुलै २०२१मध्ये चिपळूण-महाडात असंख्य गाड्या पाण्याखाली होत्या. अशा गाड्या स्थानिक बाजारात खपत नाहीत, कारण तिथे सगळ्यांना माहीत असते. जिथे माहीत नाही तिथे त्या नेल्या जातात. म्हणून फक्त आजचा पत्ता पाहून भागत नाही, आधीच्या मालकांचे गावही विचारा.

सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. शेवटच्या वितीवर चिखलाची रेघ किंवा बुरशी राहते, कारण तिथवर पुसायला कोणी जात नाही. बेल्टच्या खालच्या लेबलवर तारीखही असते. बेल्ट गाडीपेक्षा नवा असेल तर का बदलला ते विचारा. सीटच्या रुळांचे स्क्रू, डॅशबोर्डखालचे लोखंडी कंस, हँडब्रेकच्या तळाचे बोल्ट यांवर गंज आहे का बघा. आतल्या भागाला गंजायचे एरवी कारण नसते. चालकाच्या पायाशी गालिच्याचा कोपरा उचला आणि खालचा फोम दाबा. फ्यूज बॉक्समधल्या पिनांवर हिरवट थर आला आहे का पाहा. दिव्याच्या काचेच्या आत पाण्याची आडवी रेघ शोधा. आत अत्तराचा घमघमाट असेल तर काचा लावून एसी बंद ठेवून दहा मिनिटे बसा, खालचा कुबट वास वर येतो.

इंजिन आणि फेरी

सकाळी लवकर जा, आणि आधीच सांगा की गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागला तर तासाभराने परत या. गरम इंजिन सुरू व्हायची कुरकुर, टॅपेटचा आवाज आणि पहिला धूर या तिन्ही गोष्टी लपवते. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. गोडसर वासाचा पांढरा दाट धूर थांबतच नसेल तर कूलंट आत जातो आहे. थंडीच्या सकाळी थोडी वाफ येते ती वेगळी. ऑइलच्या झाकणाच्या आत दुधी चिकट थर दिसला तरीही संशय पाण्याचाच. इंजिन चालू ठेवून ते झाकण काढा आणि उलटे वर ठेवा. ते जोरात थरथरून उडत असेल, आणि भकाभका धूर येत असेल, तर पिस्टन-रिंगा झिजल्या आहेत. ते काम गाडीच्या भावातून वजा करण्यापेक्षा गाडीच सोडलेली बरी.

ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले दोष वाचणारे यंत्र, हजाराच्या आसपास मिळतो, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लागतो. दोष-कोड बघणे हा त्याचा अर्धाच उपयोग. विकायच्या आदल्या दिवशी कोड पुसून टाकणे सोपे असते. म्हणून "कोड पुसल्यापासूनचे अंतर" हा आकडा पाहा. तिथे ६ किलोमीटर आले, आणि रेडीनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्या का ते सांगणारे) "तयार नाही" दाखवू लागले, तर काल कुणीतरी पाटी पुसली आहे. बॅटरी बदलल्यावर काही गाड्यांत असेच दिसते. त्याचे बिल मागा, आणि शंभरेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा स्कॅन करू द्या म्हणा.

फेरी निदान २५ मिनिटांची हवी. गाणी बंद, एसी बंद, काचा खाली. चौथ्या गिअरमध्ये ४०च्या वेगावर एकदम ॲक्सिलरेटर दाबा. काटा चढला पण गाडी पळाली नाही तर क्लच गेला. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. कटकट आली तर ॲक्सलचा जॉइंट. सपाट रस्त्यावर क्षणभर पकड सैल करून पाहा, गाडी एका बाजूला ओढते का. स्पीडब्रेकरवर चारही कोपऱ्यांचे आवाज वेगवेगळे ऐका. शेवटी उभ्या गाडीत एसी पूर्ण लावून पंधरा मिनिटे ठेवा आणि तापमानाचा काटा बघा.

सीएनजी असेल तर किट आरसीवर चढवलेले आहे ना, आणि टाकीची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट झाली आहे ना, एवढे पुरे. दिल्ली पासिंगची गाडी दिसायला स्वस्त असते, कारण तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाल्यापासून त्या बाहेर विकल्या जातात. त्यावर एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि फेरनोंदणी यांचा खर्च चढवा, मग स्वस्त आहे का ते ठरवा.

मेकॅनिक आपला न्या, आणि त्याची फी आधी ठरवा: सौदा झाला तरी तेवढीच, मोडला तरी तेवढीच. विकणाऱ्याकडून कमिशन घेणारा मेकॅनिक ही माहितीतली दुसरी फट आहे. ती पहिलीपेक्षा वाईट, कारण तिच्यावर आपला विश्वास असतो.

भाव, आणि दोन पर्यायांची युक्ती

तपासणीत निघालेली कामे कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे आपल्या गॅरेजचा आकडा घ्या: चार टायर, क्लच सेट, बॅटरी, सस्पेन्शन. "जास्त वाटते हो" म्हणण्याने दोन हजार सुटतात. या कागदाने वीस सुटतात. जे तपासता आले नाही त्याचीही वजाबाकी करा. सर्व्हिसची नोंद नसेल तर मीटरवर काहीही असो, वर्षाला १२ हजारांप्रमाणे हिशेब धरून बोला.

तरीही शंका उरतेच. तेव्हा एकच भाव सांगण्याऐवजी दोन सांगा. पहिला: ३ लाख ७० हजार; मालकाने लिहून द्यायचे की मीटर खरे आहे, पुराचे पाणी लागलेले नाही, चेसिसला मार नाही, आणि २५ हजार ३० दिवसांनी मिळतील. दुसरा: ३ लाख ४० हजार, आजच सगळे रोख, लेखी काही नको. आपली गाडी चांगली आहे हे ज्याला ठाऊक आहे त्याला पहिला पर्याय सरळ तीस हजारांनी फायद्याचा, आणि महिनाभर थांबायला त्याची हरकत नसते. जो दुसऱ्यावर लगेच उडी मारतो त्याने तुम्हाला काहीतरी सांगून टाकले आहे. अशा वेळी ३ लाख ४० हजारही देऊ नका. पैशांची खरोखर घाई असलेला माणूसही दुसरा पर्याय घेईल हे खरे, पण घाईचे कारण तपासता येते.

लेखी घेण्याला कायद्याच्या बाजूनेही अर्थ आहे. डीलरकडून घेतलेल्या गाडीबाबत २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येते. स्वतःची एक गाडी विकणारा खाजगी माणूस व्यापारी ठरत नाही; तिथे हातात उरतो तो करार आणि त्यातले खोटे विधान. डीलरची वॉरंटी असेल तर ती वाचा. "सहा महिने वॉरंटी" पुष्कळदा इंजिन आणि गिअरबॉक्सपुरती असते. क्लच, ब्रेक, सस्पेन्शन, बॅटरी बाहेर. कमाल रक्कम किती, काम कोणत्या गॅरेजात, किलोमीटरची मर्यादा किती, हे तीन प्रश्न विचारा. गाडी सात दिवसांत परत घेण्याची तयारी मात्र मोलाची, कारण खराब गाड्या विकणाऱ्याला ती परवडत नाही.

आणि "लष्करात आहे, बदली झाली, गाडी कँटोन्मेंटमध्ये आहे, गेटपाससाठी टोकन पाठवा" या जाहिरातीत गाडीच नसते. गाडी आणि मूळ आरसी डोळ्यांसमोर असल्याशिवाय इसार द्यायचा नाही.

तुम्ही विकत असाल तर

चांगली गाडी विकणाऱ्याची अडचण उलटी: खरे बोलूनही कोणी ऐकत नाही. म्हणून खोट्याला परवडणार नाही ते करा. सर्व्हिसची पूर्ण प्रिंट, तीन वर्षांच्या पॉलिसी आणि टायर-बॅटरीची बिले एका फाइलीत लावा. जाहिरातीतच लिहा: "तुमच्या पसंतीच्या गॅरेजात तपासा." दोष आधी स्वतः सांगा, फोटोसकट. विकण्याआधी रंग काढू नका; जुना ओरखडा हा मूळ रंगाचा पुरावा आहे, नवा रंग प्रश्न उभे करतो. इंजिन धुऊ नका. मीटरचा फोटो आणि सकाळच्या थंड स्टार्टचा व्हिडिओ टाका.

कागदांत मात्र विक्रेताच जास्त फसतो. हस्तांतराच्या कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी दिली की ती दोन-तीन दलालांच्या हातून फिरते, आणि आरटीओच्या नोंदीत मालक तुम्हीच राहता. नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. गाडी एकाच राज्यात विकली तर १४ दिवसांत आरटीओला कळवणे ही विकणाऱ्याची जबाबदारी. घेणाऱ्याला ३० दिवस. १ एप्रिल २०२३ पासून अधिकृत डीलरांची नोंदणी सुरू झाली आहे. त्यांना गाडी दिली तर ताबा दिल्याची नोंद पोर्टलवर करून घ्या. विम्याचे हस्तांतर घेणाऱ्याने १४ दिवसांत मागायचे, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. तुमचा बोनस त्याच्याबरोबर जात नाही. विमा कंपनीकडून त्याचे प्रमाणपत्र घ्या, ते तीन वर्षे चालते.

ताबा-पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा, मीटरचा आकडा लिहा, दोघांच्या सह्या आणि ओळखपत्राच्या प्रती जोडा. त्याच संध्याकाळी फास्टॅग बंद करा. महिन्याभराने एमपरिवहनवर तोच नंबर पुन्हा टाकून पाहा. मालकाचा अनुक्रम एकाने पुढे गेलेला दिसला की राखून ठेवलेले पैसे मागायला फोन लावा.